मुका एस

शेजारची दहावीतली मेघा आमच्या पायरीवर बसून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती. 'आयलंड' हा शब्द तिने खणखणीत 'इसलंड' असा वाचला आणि मला फिस्सकन हसू आलं. "त्यातला एस मुका असतो गं," मी म्हटलं.

"मग लिहिलाय कशाला, मावशी?" ती उसळली.

खरंच, कशाला? लिहिलंय तेच वाचायचं, हा मराठीने शिकवलेला सरळपणा आम्ही या लबाड भाषेपाशीही पाळला, एवढाच आमचा गुन्हा. हाच शब्द मी असाच वाचला तेव्हा आमच्या बाई भर वर्गात हसल्या होत्या. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हापासून मी इंग्रजी मनातल्या मनातच वाचते.

मेघाने पान उलटलं. आता तिचे नुसते ओठ हलत होते.