उलटी चिठ्ठी

लाँड्रीच्या मागच्या खोलीतला छोटा प्रिंटर फक्त आपलंच ऐकतो, अशी मोठ्या सुनेची समजूत होती. गिऱ्हाइकाचं नाव आणि कपड्याचा नंबर असलेली चिठ्ठी त्यातून निघायची आणि कॉलरला टोचली जायची. चिठ्ठ्यांचा प्रोग्राम कधीच बंद पडला होता. तेव्हापासून ती साध्या मजकुरात एकेक हुकूम लिहून प्रिंटरला धाडत असे. डावीकडून इतकं सरक, अक्षर एवढं घे, हे नाव लिही, आता छाप. शेवटची खूण राहिली, तर पठ्ठ्या ढिम्म हलत नसे. हे सगळं ती माहितीपुस्तक वाचून शिकली होती. "आम्हाला कोण विचारतो? हिचं यंत्रसुद्धा ऐकतं," असं नवरा म्हणाला की ती वरवर रागवायची.

मग धाकटी जाऊ आली. मामंजींच्या सांगण्यावरून मोठीने तिला हुकूम शिकवले. धाकटीने पंधरवड्यात असा मजकूर रचला, की एकदा नाव टाकलं की सगळे नंबर प्रिंटर आपला आपणच घालायचा. मोठी इतकी वर्षं प्रत्येक चिठ्ठी वेगळी लिहीत आली होती.

"बघ, याला म्हणतात डोकं!" मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले. "सोमवारपासून प्रिंटर धाकटीकडे. मोठी, तू काउंटर सांभाळ."

धाकटीचं अक्षर चांगलं, पोळ्या मऊ, तेही मोठीने गोड मानून घेतलं होतं. पण ती खुर्ची! रात्री कूस बदलता बदलता तिच्या मनात एकच येई: माझ्याकडूनच शिकली आणि माझ्याच जागेवर बसणार.

सोमवारी धाकटी जेवायला गेली, तेव्हा मोठीने तिच्या मजकुरात एक ओळ घातली. सगळं उलटं छाप, हा हुकूम. तेवढा एक तिने शिकवला नव्हता. दुपारच्या साऱ्या चिठ्ठ्या खाली डोकं वर पाय अशा निघाल्या. धाकटी हुकूम धाडून काउंटरवरचे कपडे आणायला गेलेली, तिने पाहिल्याच नाहीत. गड्याने त्या नेहमीसारख्या टोचूनही टाकल्या.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला हातात शर्ट घेऊनच आत आला. मोठी काउंटरवरून कान टवकारून बसली.

"ही चिठ्ठी कुणी उलटी केली?"

मोठी पावत्या पुन्हा मोजू लागली.

"अहो, कॉलर माझ्या पोटाकडे असते. इतकी वर्षं मान वाकडी करून नावं वाचतोय मी. आज पहिल्यांदा सरळ वाचलं! देव भलं करो त्याचं."

मामंजींनी धाकटीकडे कौतुकाने पाहिलं. आता हेही तिच्याच नावावर, मोठीने मनाशी म्हटलं.

"मी नाही केलं," धाकटी म्हणाली. "मला हे येतच नाही. ताईंनीच केलं असणार."

"काय गं मोठी?" मामंजींनी विचारलं.

"हो. मीच," मोठी कसंबसं म्हणाली.

"मग बोलायचं नाही का? इतकं बारीक लक्ष! प्रिंटर तुझ्याकडेच राहू दे."

मोठीला हवं ते मिळालं होतं, तरी कानात धाकटीचेच शब्द घुमत राहिले. "मी नाही केलं" हे किती सहज म्हणाली ही! आपल्या तोंडून निघालं असतं?

खुर्ची सोडताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, हा हुकूम मला शिकवायचा राहिला होता ना?"

"राहिला नव्हता. राखून ठेवला होता."

धाकटीने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग ओठ दाबून हसली. "तरी म्हटलं, माझ्या चिठ्ठ्यांना एकाएकी घेरी कशी आली!" आणि पदर खोचून पुढे काउंटरवर गेली.

मोठीने नवा गठ्ठा लावला, हुकूम धाडला. प्रिंटर मुकाट्याने छापू लागला. तेवढ्यात काउंटरवर धाकटी काहीतरी बोलली आणि हशा पिकला. एक गिऱ्हाईक म्हणत होतं, "आज इथे उभं राहायला बरं वाटतंय हो!"

मोठीने प्रिंटर मध्येच थांबवला आणि पुन्हा कान टवकारले. धाकटी असं काय बोलली, ते तिला नीट ऐकू आलं नव्हतं.