जाऊबाईंचं पाणी

माझ्या मोठ्या जावेचा मला कधी भरवसा वाटला नाही. जी बाई कधी कुणाला नाही म्हणत नाही, तिच्या पोटात काय आहे ते कसं कळावं? दिरांनी शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, ही चादरी धुवायला लागली. शहरातल्या लोकांना फोटो हवा म्हणून दिवसभर कोंबड्यांना दाणे टाकायची. कोंबड्या इतक्या माजल्या की त्यांना पळवत नव्हतं. मग दिरांनी पोहण्याचा तलाव काढला, तोही आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक विहिरीवर. तेव्हासुद्धा ही गप्पच.

तलाव भरला की आमच्या नळाला गाळ यायचा. माझं पोर वर्षाचं, त्याचं पोट सारखं बिघडलेलं. मी भांडायला जाणार, तोच दारात विकतच्या पाण्याचा कॅन येऊन पडला. जाऊबाईंनी धाडला होता. मग रोजच येऊ लागला. मी नवऱ्याला म्हटलं, "आयजीच्या जिवावर बायजी उदार. माझं तोंड बंद ठेवायचा खर्च आहे हा." कॅन मात्र मी परत पाठवला नाही. पोराचं पोट ठीक झालं होतं.

आता दिरांना दुसरा तलाव हवा होता. परवानगीआधी या पर्यटनाचा गावावर काय परिणाम झाला ते तपासायला सरकारकडून एक बाई आल्या. दिरांनी घरी येऊन मलाही बोलावलं. जाताना हळूच म्हणाले, "दोन चांगले शब्द बोल. कॅन काय, पुढेही येत राहतील." म्हणजे माझा संशय खरा होता तर. मी मनात म्हटलं, हो म्हणते आणि मोकळी होते. दुसरा तलाव झाला तर विहीर आटेल हे कळत होतं, पण पोराला पाणी कोण देणार?

दिरांनी बाईंना सगळं फिरवून दाखवलं. रोजगार वाढला, गाव सुधारलं, पाण्याला तोटा नाही. ऐकून माझेच कान किटले. जाऊबाईंनी सवयीने पाहुण्यांच्या कॅनमधलं पाणी ट्रेमध्ये आणलं.

बाई म्हणाल्या, "हे नको. तुम्ही स्वतः पिता ते द्या."

दीर हसले. "एकच आहे हो सगळं."

जाऊबाई आत गेल्या. ओट्याखाली त्यांची एक कळशी असते, तोंडाला तिहेरी फडकं बांधलेली. त्यातलं पाणी आणून त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. तीन पदरांतून गाळूनही ते मातकट होतं.

"हे कोण पितं?" बाईंनी विचारलं.

"मी," जाऊबाई म्हणाल्या. "कॅन दोनच येतात. एक पाहुण्यांना आणि यांना लागतो. माझ्या वाटचा धाकटीकडे जातो, तिचं पोर लहान आहे."

दीर म्हणाले, "हिची जुनी सवय आहे, तिला विहिरीचंच आवडतं."

मला जाऊबाईंकडे बघवेना. इतके महिने मी ज्या पाण्याला लाच म्हणत होते, ते त्यांच्या तोंडचं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं? पाणी पुरतं?"

दीर माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरचा ग्लास उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"भाऊजी, तुम्ही प्या," मी म्हटलं. "मग मी सांगते."