इंजिनावरचे झाकण

लहान विमानाच्या नाकावर, इंजिनाभोवतीच्या पत्र्यात, तळहाताएवढे एक झाकण असते. ते उघडून आत ऑइल किती आहे ते पाहतात. अबू धाबीपासून तासाभरावर, वाळवंटातल्या एका छोट्या धावपट्टीवर, या झाकणाचा आणखी एक उपयोग होता. विमान उतरले, इंजिन बंद झाले की ते लगेच उघडायचे. आत कोंडलेली उष्णता त्यातून वर निघून जाई. नाही उघडले तर नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पुढच्या फेरीला इंजिन काही केल्या चालू होत नसे.

झाकण उघडण्याचे काम आमच्या मुलीचे होते.

माझा नवरा त्या धावपट्टीवर विमानांची देखभाल करी. तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारची होती आणि हौशी वैमानिक शुक्रवारीच उडायला येत. म्हणजे बाकीच्यांची सुट्टी तो याच्या कामाचा दिवस. मुलीला बाबा हवा असे, म्हणून ती त्याच्याबरोबर जाई. आणि दोघे गेल्यावर घरात एकटीने काय करायचे म्हणून मीही. मोहम्मद बिन झायद सिटीतून आम्ही उजाडता उजाडता निघत असू. वाटेत एका कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला की पोऱ्या कागदी पेल्यांतून करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा कडक चहा गाडीपाशी आणून देई. जानेवारीत रस्त्यावर धुके असे. मुलगी मागच्या सीटवर शाल पांघरून झोपलेली असे आणि तिच्या पायांशी निळे प्लास्टिकचे स्टूल असे, आमच्या बाथरूममधले.

विमान येऊन थांबले की नवरा ओरडे, "झाकण!" ती स्टूल उचलून पळे, पण पांढऱ्या रेषेपाशी थांबे. वैमानिकाने किल्ली काढून नवऱ्याच्या हाती दिली पाहिजे आणि नवऱ्याने ती हात उंच करून तिला दाखवली पाहिजे, त्याशिवाय रेषा ओलांडायची नाही, असा नियम होता. किल्ली दिसली की ती प्रोपेलरला वळसा घालून बाजूने जाई, स्टुलावर चढे, झाकण उघडे. गरम हवेचा झोत तिच्या कपाळावरचे केस उडवी. विमानाचे नाक वाऱ्याकडे असे, म्हणजे वारा पुढून शिरे आणि वरून बाहेर पडे. बस्स, एवढेच काम. पण ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलेले तिला चालत नसे.

संध्याकाळी झाकण लावून विमानावर खोळ घालायची. गरम इंजिनावर खोळ घालायची नाही, हाही नवऱ्याचा नियमच. इंजिन निवले की नाही ते पाहणेही हळूहळू तिच्याकडे आले.

"बाबा, इट्स कोल्ड," ती सांगे. मराठीत विचारले तरी तिचे उत्तर बहुतेक इंग्रजीत येई.

"कुठे हात लावलास?"

"हिअर." ती सिलिंडरपाशी बोट दाखवी.

"आणि नाकाला?"

इथे नाक म्हणजे प्रोपेलरच्या मागची जागा, जिथे तो इंजिनातून आलेल्या दांड्यावर बसवलेला असतो. ती हात लावून पाही. तिथे अजून ऊब असे.

"मग खलास नाही. बस."

ती स्टुलावर बसून राही. बाकी सगळे इंजिन निवून गेले तरी नाक उशिरापर्यंत गरम असे. ते गार लागले की नवरा म्हणे, "यल्ला," म्हणजे चला, आणि ती झाकण लावी. झाकणाचा खटका वाजे. तो आवाज ऐकून मी गाडीतल्या पिशव्या आवरायला घेत असे.

बारावीनंतर ती विमान चालवणे शिकायला कॅनडाला गेली, ती उन्हाळ्यात. तिथल्या शाळेची विमाने रात्री हँगरमध्ये असत. पानगळ संपली तरी तिला थंडीत विमान उघड्यावर ठेवायची वेळ आली नव्हती. एकटीने करायचे लांबचे उड्डाण तेवढे उरले होते: दूरच्या एका गावी उतरायचे आणि परत यायचे. पहिल्यांदा गेली तेव्हा ढग खाली आले म्हणून अर्ध्यातून परतली. परतणे बरोबरच होते, पण उड्डाण धरले गेले नाही. दुसऱ्यांदा ती पोहोचली, पण बर्फ सुरू झाला आणि तिला तिथेच मुक्काम करावा लागला. सकाळी आकाश मोकळे झाले. शिक्षकाने तिला फोनवर सांगितले की इंजिन पूर्ण तापवून निघ. दुपारपर्यंत निघता आले नाही तर मी दुसऱ्या विमानाने येतो, आपण दोघे मिळून ते परत आणू. दोघे म्हणजे एकटीने नव्हे. बरोबरीची मुले पुढच्या वर्गात जाणार होती. तिला त्या दिवशी, स्वतः, विमान परत न्यायचे होते.

तिथे सकाळ होती तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला.

"बाबा, डोन्ट पॅनिक," तिने सुरुवात केली.

"मी नाही करत. तुझी आई करतेय."

"मी मेथी निवडतेय," मी म्हटले.

पडद्यावर टोपी, त्यावर जाकिटाची टोपी, आणि मध्ये लाल झालेले नाक. मागे पांढरे सपाट मैदान आणि तिचे विमान. पंखांवरचा बर्फ तिने झाडून काढलेला दिसत होता.

"किती आहे?" नवऱ्याने विचारले.

"मायनस ट्वेंटी-टू. काल उतरले तेव्हा मायनस टू होतं. रात्रीत टेम्परेचर पडलं."

"आणि विमान बाहेर?"

"हँगर फुल होतं, बाबा."

"इंजिनावर काय घातलं होतंस?"

"नथिंग. झाकण उघडलं होतं ना. ॲज यूज्वल."

नवऱ्याने डोळे मिटले. "नाक वाऱ्याकडे?"

"ऑफ कोर्स."

म्हणजे वारा रात्रभर पुढून शिरत होता आणि वरून बाहेर पडत होता. वाळवंटात जे इंजिन थंड करायला करतात ते तिने उणे बावीसमध्ये केले होते, आणि अगदी नीट केले होते. नवऱ्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले.

"माझीच पोरगी," तो म्हणाला. कौतुकाने की कसे, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

तिथल्या विमानतळाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याने तिला गरम हवेचा पंखा दिला होता. त्याला जाड नळी होती. ती तिने खालून इंजिनाच्या पत्र्यात खुपसली होती.

"हाफ ॲन अवर झाला. ऑइल वॉर्म आहे, सिलिंडर्स वॉर्म आहेत. स्टार्ट करू?"

नवऱ्याचे सगळे आयुष्य इंजिने निववण्यात गेले होते. "उणे बावीसमध्ये मी फ्रीजसुद्धा दुरुस्त केलेला नाही," तो म्हणाला. "तुझे सर काय म्हणाले?"

"पूर्ण वॉर्म कर म्हणाले. इट इज पूर्ण, बाबा."

"किल्ली कुठाय?"

"खिशात."

"दाखव."

तिने सुस्कारा सोडला, पण किल्ली काढून हात उंच केला. मैदानावर दुसरे कुणी नव्हते.

"आता ग्लोव्ह काढ. नाकाला हात लाव. बोटाची मागची बाजू लाव, क्षणभरच."

ती चालत गेली. पडद्यावर बर्फ आणि तिचे बूट दिसत राहिले. मग आवाज आला, "आउच! फ्रीझिंग!"

"मग खलास नाही."

"बाबा, धिस इज नॉट फ्रायडे!" ती ओरडली. "दुपारी सर येतील. ते आले तर संपलं. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय. मला सांग, संध्याकाळी शेवटी काय निवायचं?"

तिने ग्लोव्ह परत चढवला.

"बोल ना, कॅप्टन."

"नोज."

"जे शेवटी निवतं ते शेवटी तापतं. नाक गार आहे म्हणजे आतला दांडा गार आहे. तो पोलादाचा, त्याच्याभोवतीचं घर ॲल्युमिनियमचं. थंडीत घर जास्त आकसतं, दांड्याला आवळून धरतं. तू आत्ता फिरवलंस तर चालू होईल. पण आत घासेल, आणि ते तुला जमिनीवर नाही कळणार."

"इंजिन गरम लागतंय पण!"

"फ्रीझरमधलं मटण आठव," मी म्हटले. "वरून सुटलेलं दिसतं. सुरी लावली की आत दगड."

"आई, ग्रोस!" ती हसली. त्या हसण्याच्या मध्येच पडदा काळा झाला.

थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते, असे ती पूर्वी म्हणाली होती. आम्ही दोघे काळ्या पडद्याकडे पाहत राहिलो. ती थांबणार आहे की चालू करणार आहे, हे तिने सांगितलेच नव्हते.

नवरा उठून बाल्कनीत गेला. खाली पार्किंगमध्ये मुले क्रिकेट खेळत होती, मगरीबची अजान सुरू झाली होती. हवा छान होती. वर्षातले ते थोडे दिवस, ज्यांत बाल्कनीचे दार उघडे ठेवता येते. मी मेथी धुतली, चिरली, आणि बाहेर येऊन विचारले, "फोन लावू?"

"बॅटरी उरली असली तरी, तापवत असेल तर हातात ग्लोव्ह असेल. चालू केलं असेल तर ऐकू येणार नाही. उचलणार कोण?"

"मग तिथल्या म्हाताऱ्याला..."

"त्याला काय सांगशील? माझ्या मुलीला नाकाला हात लावायला सांगा?" तो हसला नाही. मग म्हणाला, "झाकण उघडायचं एवढंच शिकवलं. का उघडायचं ते शिकवलं होतं का गं आपण?"

"शिकवलं होतंस. गरमी बाहेर जावी म्हणून."

"हो. पण ती जाऊ नये असंही कधी असतं, हे कुठे ठाऊक होतं मला?"

भाजी झाली. पोळ्या करायला घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला. ती म्हाताऱ्याच्या खोलीत होती, फोन चार्जरला लावून बोलत होती.

"आय वेटेड," ती म्हणाली.

नवऱ्याने खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

विमानात मागच्या सीटवर एक जाड, गादीसारखी खोळ पडलेली होती. ती आता तिने नाकावर चढवली होती, म्हणजे पंख्याची ऊब बाहेर जाणार नाही. हवा शिरायच्या पुढच्या तोंडांत तिने स्वतःचा स्वेटर आणि एक टॉवेल कोंबला होता.

"ती खोळ काल का नाही घातलीस?" मी विचारले.

"मला वाटलं सनसाठी आहे."

"कॅनडात?"

"आय नो, आई! आय नो."

नवरा मात्र हसू दाबत होता. "नाक?"

"नॉट कोल्ड."

"कोमट?"

"ऑलमोस्ट. कोमट म्हणजे नक्की किती?"

"बाळाच्या अंघोळीचं पाणी असतं तेवढं," मी सांगितले.

"मी बाळ होते तेव्हा चेक नाही केलं, आई."

"अजून थोडं," नवरा म्हणाला. "फोन तिथेच ठेव, चार्ज होऊ दे. जाऊन बघ, येऊन सांग."

ती जात-येत राहिली. प्रत्येक वेळी दाराचा आवाज, बुटांचा आवाज, मग "नॉट येट." एकदा मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, तुझे वडील बर्फाच्या प्रदेशातले का, असे तो विचारत होता. "नो. डेझर्ट," ती म्हणाली. म्हातारा काहीतरी बोलला आणि दोघे हसले. शेवटच्या वेळी ती धापा टाकत आली.

"बाबा, हात ठेवला. ठेवूनच ठेवला. गरम आहे. नाकपण."

"नळी काढलीस?"

"हो."

"पुढचा स्वेटर? टॉवेल?"

"काढला. अंगात घातला. स्वेटर, आय मीन."

"झाकण?"

"लावलं. खटका ऐकला."

नवऱ्याने घड्याळाकडे बघून तिकडची वेळ मोजली. दुपार व्हायला अजून अवकाश होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"यल्ला," तो म्हणाला.

फोन बंद झाला. आम्ही जेवायला बसलो. नवऱ्याने पोळीचे तुकडे केले आणि ताटात तसेच ठेवले. भांडी घासून ओटा पुसून झाला, वर दोन तास गेले, तेव्हा तिचा फोटो आला. शाळेचे हँगर, आत तिचे विमान, नाकावर खोळ, पट्टे घट्ट बांधलेले. खाली लिहिले होते, "एकटी. झाकण क्लोज्ड." नवऱ्याने फोटो मोठा करून झाकणाची जागा शोधली. खोळीखाली ती दिसणे शक्य नव्हते. मग तो ताट उचलून आत गेला आणि गार पोळी भाजी गरम न करता जेवला.

आता कुणाला तिला किल्ली दाखवावी लागत नाही. ती तिकडेच नोकरी करते, थंडीतल्या दूरच्या गावांना सामान पोहोचवते. त्या संध्याकाळनंतर इंजिन तापवण्याबद्दल तिचा फोन आलेला नाही. फोन येतात ते साबुदाण्यात पाणी किती घालायचे यासाठी, किंवा तिच्या बाबाने रक्तदाबाची गोळी घेतली का ते विचारायला.

सुट्टी आता शनिवार-रविवारची असते. नवरा अजून त्या धावपट्टीवर काम करतो आणि थंडीच्या दिवसांत कधी मीही जाते. निळे स्टूल हँगरच्या दाराशी आहे. त्यावर कामगार चहा पिताना बसतात. विमान येऊन थांबते, वैमानिक किल्ली काढून देतो. नवरा ती हातात घेतो आणि हात उंच करतो. रेषेपाशी कुणी नसते. मग तो स्वतःच जाऊन झाकण उघडतो.