चिंधीनं प्यायलेलं तेल

माझी काडतुसं मी स्वतः बनवते. हे वाक्य टेक्ससमधल्या प्लेनो गावात एखाद्या मराठी घरात जेवताना बोलून बघा. आमटीचा डाव हवेतच थांबतो. मग कुणीतरी हळूच विचारतं, "म्हणजे, खरी?"

खरी. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी माझं एक टेबल आहे, त्यावर हातानं दाबायचा प्रेस बसवलाय. एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी केस, म्हणजे बाहेरचं नळकांडं, मी फेकून देत नाही. ती साफ करायची, परत मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, आत पावडर तोलून घालायची आणि वर बुलेट दाबायची. टेक्ससमध्ये हे पुष्कळ लोक करतात. बायका कमी करतात. आपल्याकडची बाई करताना मी तरी अजून पाहिली नाही. म्हणून मी थांबायचं का?

रायफलीची ओळख मला ऑफिसनं करून दिली. टीम आउटिंग म्हणून सगळ्यांना नेमबाजीच्या एका रेंजवर नेलं होतं. बाकीचे पुढच्या वर्षी बोलिंगला गेले, मी मात्र रेंजवरच राहिले. कारण साधं आहे. कागदी टार्गेटवर भोक मध्यभागी पडलं तर पडलं. ते पाडणारी कुठून आली, कशी आली, कुणी तिला आत घेतलं, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. वडील अकोल्याकडे एका जिनिंगमध्ये कामाला, आई लोकांचे ब्लाउज शिवायची. मी इंजिनियर झाले आणि डिग्री हातात पडायच्या आधीच ती मला कशी मिळाली असेल हे सांगणारे चार लोक भेटले. त्यामुळे जिथं फक्त भोकं मोजतात ती जागा मला आवडली. याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

तर यंदाची गोष्ट. आमच्या क्लबची चौघांची टीम शरद ऋतूतल्या मॅचला जाणार होती आणि चौथी जागा मला मिळाली होती. माझी रायफल सेमी-ऑटोमॅटिक आहे. एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस रायफल स्वतःच भरून घेते. गोळी सुटताना नळीतला थोडा गॅस मागे वळतो, बोल्ट नावाच्या सरकत्या पोलादी भागाला ढकलतो, बोल्ट मागे जाताना रिकामी केस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस घेऊन येतो. सगळा खेळ त्या ढकलण्याचा आहे. बोल्ट पुरता मागे गेलाच नाही तर केस बाहेर पडायच्या दारातच अडकते, नाहीतर बोल्ट रिकाम्या जागेवर येऊन बसतो.

माझं तेच व्हायला लागलं. सावकाश मारायच्या फेरीत चालून जायचं, पण ठरलेल्या वेळात भराभर मारायची फेरी आली की मध्येच अडकायचं. सरावाच्या दोन शनिवारी तसं झाल्यावर क्लबचे मॅच डायरेक्टर माझ्याजवळ आले. वयस्कर गृहस्थ आहेत, उन्हाळ्यातसुद्धा पॅंटला सस्पेंडर लावतात. त्यांनी माझी एक केस उचलून उन्हात धरली.

"मॅम, हे इतकं चकचकीत कसं? कशानं धुता?"

"चिंचेनं."

"मेक्सिकन कॅंडीत असते ती?"

"तीच."

त्यांनी केस परत ठेवली, बोटं पॅंटला पुसली. "हे बघा, तुमची नेमबाजी चांगली आहे. पण ही घरगुती काडतुसं बंद करा. मॅचला दुकानातली आणा. पुन्हा एकदा अडकली तर मला चौथी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

रायफल त्यांनी उघडूनही पाहिली नाही.

टीममध्ये आणखी एक मराठी माणूस आहे, पुण्याचे एक काका. रिटायर्ड इंजिनियर, चाळीसेक वर्षं इथं आहेत. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि मी विहारात जाते हे कळल्यावर म्हणाले, "बुद्धाच्या माणसानं बंदूक धरायची म्हणजे जरा गंमतच." मी म्हटलं, "काका, तुम्ही रामनवमीचा उपास करता आणि क्लबच्या पिकनिकला बीफ ब्रिस्केटची दुसरी प्लेट घेता. मी काही बोलले का?" त्यानंतर आमचं बरं जमलं. माणूस वाईट नाही. फक्त निकाल आधी लावतो आणि मग बघतो.

डायरेक्टर गेल्यावर काका माझ्याकडे सरकले. "काय मग, चिंचेच्या गोळ्यांवर बंदी?"

"अजून नाही."

"अगं, तुझा लोड वीक आहे. थोडी पावडर वाढव, बोल्टला जोर मिळेल. सिंपल आहे."

"काका, हाच लोड मागचं वर्षभर चालला. पावडर वाढवली तर रोग राहील तिथंच, फक्त दिसायचा बंद होईल. आणि उद्या केस फाटली तर तोंड माझं आहे."

"मग दुकानातली घे. हट्ट कशाला?"

हट्ट होताच. तो कशाला होता तेही सांगते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथवर एक दांडा सरळ कातायचा होता. माझा एका बाजूला निमुळता झाला. इन्स्ट्रक्टर मशीनकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासारख्यांना सीट मिळते हो, हात कुठून मिळणार?" सगळी बॅच हसली. मी तिथंच उभी राहिले आणि पुढच्या मुलाचा दांडा त्याच लेथवर चढायची वाट पाहिली. तो मोठ्या घरचा, वर्गातला हुशार मुलगा होता. त्याचाही दांडा त्याच बाजूला, तेवढाच निमुळता निघाला. मग कुठे सरांना दांड्याचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक सरकलाय हे दिसलं. माझ्याशी ते त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत. पण मला तेव्हापासून एक पद्धत सापडली. कुणी बोट दाखवलं की वाद घालायचा नाही. दुसऱ्याचा माल आपल्या मशीनवर चढवायचा, आपला माल दुसऱ्याच्या मशीनवर. मग मशीनलाच बोलू द्यायचं.

पुढच्या शनिवारी मी काकांना रेंजवर बोलावलं. "तुमची रायफल द्या, माझी काडतुसं भरते."

"माझी रायफल चिकट होईल गं."

"झाली तर घरी नेऊन पुसून देते."

त्यांनी कुरकुरत दिली. त्यांच्या आणि माझ्या रायफलीची चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, सारखी. मी माझ्या काडतुसांचं मॅगझिन लावलं आणि जेवढ्या घाईनं मारता येईल तेवढ्या घाईनं सगळं रिकामं केलं. एकही अडकलं नाही. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे जाऊन थांबला, तसा तो थांबायलाच हवा. मग काकांची दुकानातली काडतुसं माझ्या रायफलीत घातली. पहिली काही गेली, आणि पुढची केस दारात आडवी होऊन बसली.

काकांनी वाकून त्या आडव्या केसच्या बुडावरची अक्षरं वाचली.

"ही तर माझी आहे," ते म्हणाले.

"हो. तिला चिंच लावलेली नाही."

"बरं बाई. मग रायफलच बिघडलीय. गनस्मिथकडे टाक, यार. मॅचच्या आत देईल की नाही माहीत नाही."

मी टाकली नाही. रविवारी सकाळी गॅरेजचं शटर वर केलं आणि रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती टेबलावर उघडली. गॅस जिथून बोल्टमध्ये शिरतो तिथले स्क्रू घट्ट होते. बोल्टवरच्या गॅसच्या रिंगा तपासायची एक सोपी रीत आहे. बोल्ट त्याच्या घरातून पुढे ओढून तो अख्खा जोड बोल्टच्या तोंडावर उभा करायचा. रिंगा झिजल्या असतील तर तो आपल्याच वजनानं खाली घसरतो. माझा ताठ उभा राहिला. स्प्रिंग नवी होती. नळीला कुठे गॅस निसटल्याची काजळी नव्हती. सगळं ठीक होतं आणि रायफल चालत नव्हती. यासारखा वैताग नाही.

शेवटी परत जोडायला घेतली आणि सवयीनं तेलाची बाटली उचलली. बोल्टवर एक थेंब, बोटानं पसरवला, मग पांढरी चिंधी घेऊन पुसून काढला. चिंधी टेबलावर टाकली आणि तिच्याकडे बघत राहिले. सुती चिंधी पिवळी झाली होती. बोल्टवरून बोट फिरवलं तर बोट कोरडं.

तेल सगळं चिंधीत होतं.

सरावाला डायरेक्टरांनी एकदा विचारलं होतं, "ऑइल केलंय?" मी म्हणाले होते, "दर वेळी." खोटं नव्हतं ते. मॅन्युअलमध्येही हलकंसं तेल लावा असंच लिहिलंय. पण हलकं म्हणजे किती, हे प्रत्येक जण आपल्या घरून शिकून येतो. मी ते आईच्या शिलाई मशीनवर शिकले. आई एक थेंब घालायची, मशीन फिरवायची, चिंधीवर टाके मारत राहायची आणि चिंधीवर डाग यायचा बंद होईपर्यंत गिऱ्हाइकाचं कापड हातात घ्यायची नाही. तिचं बरोबरच होतं. दुसऱ्या कुणाकडे तेलाचा डाग पडला असता तर लोक मशीनला बोलले असते. आमच्याकडे पडला असता तर ते आमच्या वस्तीला बोलले असते, आणि परत कापड आलं नसतं. ते एका थेंबाचं भय मी विमानात बसताना सोबत घेऊन आले आणि टेक्ससमध्ये एका रायफलीला पाजलं. शिलाई मशीनला ते मानवतं. गरम गॅस आणि काजळी अंगावर घेणाऱ्या बोल्टला मानवत नाही. सावकाश मारताना तो कसाबसा सरकायचा, घाईच्या फेरीत तापला, काजळला, की कोरड्यावर रखडायचा.

मागच्या वर्षी रायफल नवी होती. कारखान्यातून निघतानाचं तेल तिच्या अंगात मुरलेलं होतं, त्यावर तिनं वर्ष काढलं. मी पुसून पुसून ते संपवलं.

मी बाटली परत उचलली. बोल्ट ओला दिसेपर्यंत, कडेनं ओघळ येईपर्यंत तेल घातलं. पुसलं नाही. हात दोनदा चिंधीकडे गेला, दोन्ही वेळा मागे घेतला. शेवटी चिंधी उचलून कचऱ्यात टाकली.

मॅचच्या दिवशी डायरेक्टरांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. काडतुसं नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखी चमकत होती.

"ही दुकानातली नाहीत, मॅम."

"नाहीत."

"मी काय म्हणालो होतो ते लक्षात आहे ना? एक जरी अडकली तर दुपारच्या फेरीला तुमच्या जागी दुसरा."

"लक्षात आहे, सर. एकही नाही अडकणार."

काका शेजारच्या मॅटवरून म्हणाले, "माझ्याकडे फॅक्टरीची शिल्लक आहेत गं. अजून विचार कर." मी मॅटवर आडवी झाले.

भराभर मारायची फेरी सुरू झाली. पहिल्याच गोळीला तेलाचे शिंतोडे चष्म्यावर आले, दुसरीला गालावर. मी डावखुरी आहे आणि रायफलीचं दार उजवीकडे, त्यामुळे बोल्टमधून जे उडतं ते थोडंफार मलाच मिळतं. पुसायला वेळ नव्हता. मॅगझिन बदललं, पुढं मारत राहिले. केसेस एकामागोमाग बाहेर पडत होत्या, सगळ्या एकाच दिशेला, एकाच ढिगात. शेवटची सुटली आणि बोल्ट मागे जाऊन थांबला. तो आवाज मला कुठेही ओळखू येईल.

दुपारच्या फेरीलाही मीच होते. टीम पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण माझ्या कागदावरची भोकं जिथं पडायला हवी होती तिथंच होती, आणि ती माझ्या काडतुसांनी पाडली होती.

संध्याकाळी सामान भरताना डायरेक्टर आले. "काय बदललंत? पावडर वाढवली?"

"नाही. तेल. फार कमी घालत होते."

ते हसले. "म्हणजे चूक तुमचीच होती."

"हो, माझीच. पण काडतुसांची नव्हती. तुम्ही काडतुसं म्हणाला होतात."

त्यांनी टोपीला हात लावला. "यस, मॅम. म्हणालो होतो." जाता जाता वाकून त्यांनी माझी एक केस उचलली, परत उन्हात धरली आणि या वेळी खिशात टाकली.

काका म्हणाले, "मला जरा सांग, चिंच किती वेळ ठेवतेस?"

"थोडाच वेळ. जास्त ठेवली तर पितळ लालसर पडतं, मग ती केस घ्यायची नाही. आणि नंतर साध्या पाण्यानं खूप धुवायचं."

"आमच्याकडे अळूवड्यांची चिंच पडून आहे," ते म्हणाले. चुकलो न म्हणता सुटल्याचं ते समाधान मी त्यांना घेऊ दिलं.

घरी आल्यावर टीमचा फोटो आईला पाठवला. तिकडे सकाळ झाली होती. लगेच व्हिडिओ कॉल आला. आई अजून शिवते, मागे मशीन दिसत होतं. तिनं ना मॅचचं विचारलं ना नंबराचं. डोळे बारीक करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपडे बदलले नव्हते.

"थे काय लागलं व तुया शर्टाले?"

"तेल आहे, आई."

"मशीनचं?"

"मशीनचंच."

अख्खा जन्म जिनं दुसऱ्यांच्या कापडावर एक ठिपका पडू दिला नाही, ती माझ्या छातीवरचे ते काळपट ठिपके बघत होती.

"कोनाचा हाय शर्ट?"

"माझाच आहे."

"मंग राहू दे," आई म्हणाली, आणि तिच्या हातातल्या कापडाकडे वळली.