वाघमारेकाकूंचं इंजिन

वाघमारेकाकूंची लेक प्राजक्ता हिचा फोन आला तेव्हा मी मुलीच्या पोहण्याच्या पिशवीत तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, कोंबत होतो. शनिवारची सकाळ, क्लासला उशीर झालेला. "केदार, आई गेली रे," प्राजक्ता म्हणाली, "झोपेतच..." अशा वेळी जे बोलतात ते मी बोललो. पण फोन ठेवता ठेवता मनात जे येऊन गेलं, ते सहा आठवडे झाले तरी माझी पाठ सोडत नाही. मला हायसं वाटलं होतं. आता मला कुणी विचारणार नाही, असं वाटलं होतं. हे लिहायला बसलोय ते त्यामुळेच. सुनंदा वाघमारे या बाईंबद्दल चांगलं लिहिणं सोपं आहे, पण त्यात मी कुठे उभा होतो हे लिहिल्याशिवाय ते खरं होणार नाही.

काकू रेल्वेच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रेसर होत्या. मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि इंजिनाची एकेक रेघ शाईने उतरवायची, हे काम त्यांनी सगळी नोकरीभर केलं. नवरा गेल्यावर त्या ऑकलंडजवळ हेन्डरसनला लेकीकडे राहायला आल्या. माझी त्यांची भेट २०१३च्या उन्हाळ्यातली. आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला रोटोटुनाला राहतो, त्या घरापासून तासाभरावर हौशी मंडळींनी चालवलेली एक शेड आहे. जुनी इंजिनं, रुळांची तपासणी करायच्या ढकलगाड्या, असं सगळं तिथे जपून ठेवलंय. मी मुलीला घेऊन गेलो होतो. एका बुटक्या काळ्या इंजिनाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, वर साडीचा काठ. मग आतून आवाज आला, "प्राजू, वही दे गं." प्राजू आइस्क्रीम आणायला गेली होती, म्हणून वही मी दिली. मराठीत "ही घ्या" म्हटल्यावर काकू डोक्याला ग्रीस लागलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि आधी माझं गाव विचारायचं सोडून म्हणाल्या, "तुमची नजर चांगली आहे का? हा आकडा तीन आहे की आठ, बघा जरा."

तिथून पुढे तीन वर्षं मी त्यांचा ड्रायव्हर आणि दुभाष्या होतो. महिन्यातून एक शनिवार ठरलेला. ऑकलंडमध्ये सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत किराणा भरायचा, काकूंना घ्यायचं आणि शेड गाठायची, नाहीतर एखाद्या गावच्या लायब्ररीत जुनी कागदपत्रं चाळायची. त्या बुटक्या इंजिनाची गोष्ट अशी होती. ब्रिटनमधल्या एका कारखान्यात एकसारखी दोन इंजिनं पाठोपाठ बनली. दोन्ही बोटीने इथे आली आणि शेवटी जंगलातल्या एकाच लाकूड गिरणीने ती विकत घेतली. एक भंगारात गेलं, एक उरलं. शेडमधली पाटी सांगत होती की उरलं ते पहिलं. काकूंना चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, ज्यांना त्या साइड रॉड म्हणत, दुसऱ्या इंजिनाचा नंबर ठोकलेला सापडला. "पाटी कुणीही रंगवतं रे," त्या म्हणाल्या. "लोखंडावर ठोकलेला नंबर कारखान्यातला असतो." त्या मराठीत टिपणं लिहीत, मी ती इंग्रजीत उतरवत असे. या कामात मला मजा वाटू लागली होती. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या, आणि इथे शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडाने आपल्याशी बोलावं...

शेडच्या मंडळींचं वार्षिक संमेलन होतं. त्यात या शोधावर बोला, असं निमंत्रण आलं. काकू म्हणाल्या, "माझं इंग्लिश ऐकून झोपतील सगळे. तूच बोल." मी बोललो. चाळीसेक माणसं, पडद्यावर काकूंनी काढलेली चित्रं. पहिल्या पाच मिनिटांत केव्हातरी "आम्हाला"चं "मला" झालं. मला आढळलं, मी पडताळलं. ब्रूस नावाचा एक म्हातारा उठून उभा राहिला. जुनी पाटी त्यानेच रंगवली होती. म्हणाला, "माझे वडील गिरणीत हेच इंजिन चालवायचे. ते पहिलंच होतं." मी हसून म्हटलं, "वडिलांवर प्रेम असणं वेगळं आणि पुरावा वेगळा." सगळे हसले. ब्रूस खाली बसला. मग कुणीतरी विचारलं, दुसऱ्या रांगेतल्या बाई कोण? मी म्हणालो, "मिसेस वाघमारे. चित्रांमध्ये त्यांची खूप मदत झाली." काकूंनी मान डोलावली. परत येताना गाडीत त्या एवढंच बोलल्या, "त्या ब्रूसला तसं बोलायला नको होतंस." स्वतःच्या नावाबद्दल चकार शब्द नाही. मंडळाच्या पत्रिकेत लेख आला, माझ्या एकट्याच्या नावाने. नवी पाटी लागली. मला कमिटीवर घेतलं. ब्रूसने शेडमध्ये येणं बंद केलं.

वर्षभराने काकूंचा फोन आला. आवाज एवढा उत्साही की मला वाटलं नवीन काही गवसलं. "केदार, आपण चुकलो! गिरणीच्या दुरुस्त्यांची वही मिळालीय. दुसरं इंजिन मोडलं तेव्हा त्याचे साइड रॉड काढून पहिल्याला बसवलेत. म्हणजे दांडे दुसऱ्याचे, इंजिन पहिलंच. ब्रूसचे वडील बरोबर होते." त्यांना आनंद झाला होता. खरं काय ते कळल्याचा आनंद. मला मात्र माझ्या नावाने छापलेला लेख आठवला. "बघतो काकू," मी म्हणालो. "पुढच्या अंकात टाकू." पुढच्या अंकात मी टाकलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. त्यांनी मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "चूक माझी आहे, तसं लिही. माझं नाव घाल." म्हणजे शोधाला मी त्यांचं नाव दिलं नाही, आणि चुकीला द्यायला त्या स्वतः तयार होत्या. तेही माझ्याने झालं नाही, कारण मग शोधही त्यांचाच होता हे सांगावं लागलं असतं. मी शनिवारी कामं काढू लागलो. मुलीचे क्लास, घराचं रंगकाम... शेवटची दोन वर्षं आमची भेट नाही. दिवाळीला मेसेज, तेवढंच.

त्या गेल्यावर दोन आठवड्यांनी मी ब्रूसच्या घरी गेलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ करत होतो. दारात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. इंजिन पहिलंच आहे, तुमचे वडील बरोबर होते, आणि हे मला कळून खूप दिवस झालेत. त्याने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "ठाऊक आहे. ती बाई आली होती इथे, दोन वर्षं झाली. लेक गाडीत बसून होती. इंग्रजी अडखळत होतं, पण वहीच्या पानांचे फोटो घेऊन आली होती. माय मिस्टेक, माय मिस्टेक, असं चारदा म्हणाली." मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलल्या? "नाही. मीच विचारलं, तो तरुण कुठाय? तर म्हणाली, तो येईल." ब्रूसने चहा विचारला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. म्हणून बसलो. त्याने वडिलांचा फोटो दाखवला. इंजिनाच्या पायरीवर उभे होते, तोंडात पाइप.

त्याच रात्री मी कमिटीला सगळं लिहून पाठवलं. शोध कुणाचा, चूक कशी झाली, लपवली कुणी. पाटी बदलणार आहे. त्याचं श्रेय घ्यावं असं माझ्याकडे काही नाही.

मागच्या रविवारी हेन्डरसनला गेलो. काकूंची खोली प्राजक्ताने अजून आवरलेली नाही. खिडकीपाशी उतरतं टेबल, त्यावर चिकटपट्टीने ताणून बसवलेला कागद. त्या बुटक्या इंजिनाचं पूर्ण चित्र, शाईतलं, एकेक खिळा काढलेला, आणि साइड रॉडपाशी बारीक मराठीत टीप, 'हे दुसऱ्या इंजिनाचे.' उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट होती. 'काढले' या शब्दापुढे त्यांची सही. 'तपासले' या शब्दापुढे काही नाही.

"ऑफिसचा नियम होता तिच्या," प्राजक्ता म्हणाली. "ज्याने काढलं त्याने स्वतः तपासायचं नाही. दुसऱ्याने सगळी मापं नव्याने घ्यायची, मगच सही. हे सहा महिन्यांपूर्वी पूर्ण झालं. मी म्हटलं, दे की पाठवून. तर म्हणाली, केदारने तपासलं नाही अजून."

तुला राग नाही का आला माझा, असं मी तिला विचारलं. "आला ना," ती म्हणाली. "अजून आहे." आणि चित्र गुंडाळून माझ्या हातात दिलं.

आता मी शेडमध्ये जातो, इंजिनाखाली आडवा होतो आणि माप घेऊन चित्राशी ताडून बघतो. त्या तीन वर्षांत मी त्यांचं एकही माप तपासलं नव्हतं, नुसतं इंग्रजी केलं होतं. परवा मागच्या चाकाचं माप काकूंच्या आकड्याशी पाव इंचाने जुळेना. पुन्हा मोजलं, तरी जुळेना. तिसऱ्यांदा लक्षात आलं, टेप मीच तिरकी धरली होती. सही अजून केलेली नाही.