स्वस्तातला समुद्र

ग्लेनिस प्रॉसरने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. वेल्समधल्या त्या खोऱ्यात आज जे आजोबा होऊन बसलेत, त्यांनीही लहानपणी तिच्या हातचे उकडलेले बटाटे आणि तिचा ओरडा, दोन्ही पोटभर खाल्लंय. ताटाखाली वाटाणे लपवणारं पोर तिचा आवाज ऐकून ते मुकाट गिळायचं. घरी मात्र तिचा आवाज चढत नसे. घरी ग्विलिम होता.

ग्विलिम खाणीतला माणूस. खाणी कधीच बंद झाल्या, पण कोळसा त्याच्या छातीत घर करून राहिला. चार पावलं चालला की भिंतीला हात टेकून उभा राही, आणि कुणी पाहिलंच तर भिंतीचा रंग तपासतोय असं दाखवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं ग्लेनिसला आठवत नव्हतं.

दर उन्हाळ्यात दोघं पोर्थकॉलला जायची. समुद्राकाठी चाकावरची पत्र्याची घरं भाड्याने मिळतात, त्यातल्या एकात आठवडा काढायचा. वर पाऊस बडवतोय, आत चहा आणि पत्ते. सुट्टी म्हणतात ती हीच, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

मुलगा गॅरेथ एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "आई, त्या डबड्याला जेवढे मोजता, तेवढ्यात बल्गेरिया होतं. विमान, खोली, तिन्ही वेळचं जेवण, बाबांची बिअरसुद्धा त्यातच."

"एवढं स्वस्त म्हणजे कुठेतरी भोक असणार," ग्लेनिस म्हणाली.

"भोक कसलं? समुद्र असा गरम, की न्हाणीघरातला टब झक मारेल."

ग्विलिमने ताटातून मान वर केली. "गरम? म्हणजे गळ्यापर्यंत बसता येईल असा?"

"दिवसभर बसा की."

"हं," म्हणून तो परत बटाट्यांकडे वळला. पण त्या एका 'हं'ने ग्लेनिसचं ठरलं. काहीही होवो, या माणसाला एकदा गरम समुद्रात गळ्यापर्यंत बसवायचं. कोळशाच्या थंड अंधारात वाकून वाकून गेलेलं ते अंग, एकदा शेकून निघू दे.

बल्गेरियात पोचल्यावर कळलं, खोलीतून समुद्र दिसेल म्हणणारं हॉटेल खोटं बोललं नव्हतं. समुद्र दिसत होता. डोंगराच्या पार खाली, जत्रेतला पाळणा लांबून दिसतो ना, तसा. उतरायला उतार आणि यायला चढ. ग्लेनिसने खिडकीतून तो चढ पाहिला. भोक ते हेच.

"सकाळी फुकट बस जाते खाली," ग्विलिम म्हणाला. "चौकशी केलीय मी."

बस जायची खरी, पण लहानशी. आणि ब्रिटिश माणसांची गत काय सांगावी! दोघंजण एकापाठी एक उभे दिसले, की हे तिसरे जाऊन लागणार, कशाची रांग आहे ते नंतर विचारणार. टॉवेल बगलेत मारून सगळे शिस्तीत उभे राहिले. बाकी देशांची माणसं गप्पा मारत, पोरं काखेला मारून, थेट जिथे बसचं दार येणार तिथे घोळका करून थांबली. बस आली. घोळका आत गेला. दार लागलं. रांग जशीच्या तशी.

कुणी चिडलं? नाव नको. एक जण म्हणाला, "हवा मात्र छान पडलीय." दुसरा म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही.

रांगेत पुढे बॉल्टनची पॉलीन होती, तोंडाने फटकळ. ती ग्लेनिसला म्हणाली, "अगं बाई, सांग ना ड्रायव्हरला, नवऱ्याला दम लागतो म्हणून. आमच्या ह्यांचा नुसता अंगठा सुजला होता, तर मी विमानात सगळ्यांच्या आधी बसवलं!"

ग्लेनिसने तोंड उघडलं मात्र, ग्विलिमने तिचं मनगट धरलं. "एक शब्द बोललीस ना, तर खोलीत जाऊन दार लावून घेईन. मी आजारी नाही. मला घाई नाही, एवढंच."

"मग टॅक्सी करू या."

"फुकटची बस असताना टॅक्सी? लोक हसतील."

"कोण लोक?"

"मी."

आता या माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं की हसायचं? दोन्ही करून झालं होतं तिचं.

चौथ्या दिवशी रांग थोडी सरकली. पॉलीन आत गेली, तिच्या मागची गेली, आणि दारात ही दोघं आली. ड्रायव्हरने एक बोट वर केलं. एकच जागा.

"तू जा," ग्लेनिस म्हणाली.

"आणि खाली वाळूतून मला कोण नेणार? तो?" ग्विलिमने ड्रायव्हरकडे हनुवटी उडवली. मग तिच्या कोपराला धरून तिला पायरीवर चढवलं. "जा ग. मागे लोक खोळंबलेत." दार लागलं. काचेतून तिला दिसलं, तो कठड्याला टेकून कठड्याचा रंग तपासत होता.

पाय तेवढे बुडवायचे आणि परतायचं, असं ठरवून ती पाण्याशी गेली. घोट्याला पाणी लागलं आणि पाय थांबेनात. गुडघे, कंबर, मग बसलीच ती, गळ्यापर्यंत. गॅरेथ खरंच बोलला होता. हाडांमधलं जुनं दुखणं कुणीतरी अलगद काढून घेतल्यासारखं झालं. तिला त्या समुद्राचा रागच आला. इतकं सुख एकटीने घ्यायचं म्हणजे चोरीच की! आणि उठवतही नव्हतं.

परत आली तेव्हा ग्विलिम हॉटेलच्या हौदाकाठी छत्रीखाली बसला होता.

"कसं होतं?"

"गार," ती म्हणाली. "बर्फासारखं. काही अर्थ नाही बघ. उगाच गेले."

"असं?" तो तिच्या ओल्या केसांकडे बघत राहिला. केस भिजेपर्यंत कुणी बर्फात बसत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

संध्याकाळी गॅरेथचा फोन आला. ग्विलिमनेच उचलला.

"काय बाबा, झाले का पैसे वसूल? बसलात का पाण्यात?"

"बसलो की," ग्विलिम म्हणाला. "गळ्यापर्यंत."

ग्लेनिसच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

"कसं होतं पाणी?" पोराने किती हौसेने पाठवलं होतं, ते त्या आवाजात ऐकू येत होतं. ग्विलिमने फोनवर तळवा दाबला आणि बायकोकडे वळला.

"सांग ना ग," तो हळूच म्हणाला. "खरं सांग. कसं होतं?"

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"गरम," ती म्हणाली. "आधी पायाला लागतं. मग हळूहळू वर येतं. पाठीत शिरतं. उठू नये वाटतं."

ग्विलिमने मान हलवली, तळवा काढला, आणि फोनमध्ये एकेक शब्द सावकाश सांगू लागला. "आधी पायाला लागतं, बरं का," तो म्हणाला, आणि दम खायला थांबला.