मोगऱ्याची फांदी

टेकडीच्या उतारावर सात टप्प्यांची जुनी बाग आहे आणि सगळ्यात वर ती लावणाऱ्या राजाची समाधी. मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा पाचव्या टप्प्यावर दम खायला थांबलो. तिथे एक म्हातारा माळी मोगरा छाटत होता. मी त्याच्याकडे एक फांदी मागितली. त्याने आम्हा दोघींच्या हातांकडे नुसतं पाहिलं आणि फांदी सुनंदाला दिली.

"तुम्ही न्या बाई. तुमच्या हाताला लागंल."

मागितली मी होती.

सुनंदा काहीही खोचते आणि ते फुटतं. माझ्या कुंड्यांत फक्त माती टिकते. पण ही घरातली गोष्ट. परक्या माणसालाही ती एका नजरेत दिसावी? वर समाधीवर कोरलेलं राजाचं नाव वाचताना वाटलं, हाही आपल्या माळ्याच्या हातांकडे असाच बघत राहिला असेल. म्हणूनच नाव दगडात कोरायला सांगून गेला असेल. दगडाला रुजावं लागत नाही.

उतरताना चपलेचा पट्टा लावायला सुनंदाने फांदी माझ्याकडे दिली. ती वाकलेली असतानाच मी खालचा दोन डोळ्यांचा तुकडा मोडून पर्समध्ये टाकला.

तो लागला. परवा सुनंदा घरी आली, कुंडीपाशी बसून कळीचा वास घेत म्हणाली, "ताई, कुठला हो हा?"

"नर्सरीतून आणला," मी म्हटलं.

माझ्या हाताला लागलेलं पहिलं झाड, तेही मी विकतचं करून टाकलं.